लाभ, दोन, तीन

देशानं मापं बदलावी का, असं विचारलंत
तर मी हो म्हणेन. मी स्वतः बदललीत.
साठ साली, सेलूच्या मोंढ्यात,
वजनमापे खात्याचा सगळ्यांत धाकटा निरीक्षक,
मागं इब्राहिम शिपाई, त्याच्या डोक्यावर किलोंची पेटी.
ती उचलताना तो रोज म्हणायचा,
"साहब, भोत भारी है ये दशमान."

शेर काही देव नव्हता, हे आधी ऐका.
सेलूचा शेर मानवतला गेला की अंग चोरायचा,
परतुरात जरा फुगायचा.
आणि एकाच आडतीत, एकाच गादीखाली
दोन शेर निजलेले असायचे,
एक घ्यायचा, एक द्यायचा.
मी दोन्ही हातांत धरून पाहिलेत.
सहा तोळे पाप हाताला कळतं.

पायल्या जप्त केल्या, चिपटी, मापटी,
एक शिसवी मापटं तर बुडाला मेण थापलेलं.
पोत्यात पडताना फारशी वाजली नाहीत.
संस्थान गेलं होतं, हाली सिक्का गेला होता,
लोकांना जाण्याची सवय झाली होती.

हैबती मापाडी तेवढा अडला.
"किलोला लाभ कसा म्हणू?"
त्याच्या मोजणीत एक नव्हताच.
राशीतून उचललेली पहिली पायली लाभ,
मग दोन, मग तीन.
पलीकडच्या राशीवर चाँदपाशा तिला बरकत म्हणायचा.
मी कोष्टक तीनदा पाहिलं:
तोळा, छटाक, शेर, मण.
लाभाचे किती ग्रॅम, ते छापलेलं नव्हतं.

बाजाराच्या टोकाला, बाभळीखाली
सोजरबाई मिरच्या घेऊन.
तागडीत दुधनेचा गुळगुळीत दगड.
"शेरच हाय की. सासूचा हाय."
मी तोलला. पुन्हा तोलला.
नव्वद तोळे.
ऐंशीच्या जागी नव्वद.
शेरामागं दहा तोळे मिरची
ही बाई दर बाजाराला गावाच्या पदरात टाकत होती
आणि तिला ठाऊक नव्हतं.
किंवा होतं. मी विचारलं नाही.
कायद्याला दोन्हीकडची चूक सारखीच.
नोंदवहीत लिहिलं: दगड, एक. सदोष.
दंड पन्नास नवे पैसे.
तिनं पदराची गाठ सोडून जुनी अधेली दिली,
म्हणाली, "दगड कशाला नेयलालास लेकरा?
तुझ्या सरकारला नदी न्हाई का?"

आता मी सत्त्याऐंशीचा.
नातसून सोनं तोळ्यात मागते, सोनार दहा ग्रॅम देतो,
नाव तेच, अंगावरचं मांस उतरलेलं.
उलट पावशेर पेढे मागा, अडीचशे ग्रॅम येतात,
सोळा-सतरा ग्रॅम वरकड.
सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर,
बांधावर डोकी फुटतात ती गुंठ्यासाठी.
नातीला स्थळ आलंय, पाच फूट आठ इंच.
तिचा ताप अजून शंभरच्या पुढंच लागतो.
मोंढा एका हंगामात बदलला.
अंग अजून तयार नाही.

तरी विचाराल तर हो म्हणेन.
गादीखालचे दोन शेर मी विसरलेलो नाही.

फक्त एक कबूल करायचं राहिलंय.
तो दगड गोदामात जमा झालाच नाही.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून
इतकी वर्षं उंबऱ्याशी ठेवतो.

परवा नातवानं तो स्वयंपाकघरातल्या
इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला.
एक किलो पन्नास ग्रॅम.
"आजोबा, हे पन्नास कशाचे?"

मी सांगायला तोंड उघडलं,
तेवढ्यात त्यानं कुठलंसं बटण दाबलं
आणि दगड तिथंच असताना
काटा शून्यावर आला.